सव्वा मूठ

धुळे,
१२ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

तीर्थरूप नानांच्या चरणी डिंपलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कॉलेजात जाऊन पोरगी पत्र लिहायला लागली म्हणून तुम्ही हसाल. पण करू काय? फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं. धाकट्या तेजसच्या तोंडून निरोप धाडावा तर तो निम्मा गिळतो आणि निम्मा पदरचा घालतो. पप्पा फोन घेतात, हं हं करतात आणि जेवलीस का विचारून ठेवून देतात. म्हणून म्हटलं, माझ्या नानांना आपलं हातानेच लिहावं. अक्षर मोठं काढलंय, चष्मा शोधत बसू नका.

होस्टेल बरं आहे. मेसची डाळ इतकी पातळ असते की ताटाचा तळ दिसतो. इथल्या मुली अहिराणी बोलतात, बठ्ठं काही आणि काय शे. पहिले आठ दिवस मी नुसती मान हलवत होते. आपल्या सावद्याकडचं मले-तुले ऐकून त्या हसतात आणि त्यांचं ऐकून मी हसते. माझ्या खोलीत दिपमाला नावाची मुलगी आहे, पिंपळनेरकडची. तिचे वडील आश्रमशाळेत शिपाई आहेत. झोपायच्या आधी ती डोळे मिटून बराच वेळ पुटपुटते. मला वाटलं पाठांतर करते आहे. मग कळलं, ते लोक ख्रिस्ती आहेत आणि ती प्रार्थना करते.

मी कशी आहे विचारलंत तर थकलेली आहे, नाना. काम काही नाही. पाणी भरायचं नाही, भाकऱ्या थापायच्या नाहीत. तरी सकाळी उठले की रात्रभर केळीचे घड वाहिल्यासारखं अंग दुखतं. मम्मीच्या आजारपणात तिच्या हाकेला उठायची दोन वर्षं सवय लागली होती, ती अजून सुटत नाही. जाग येते. मी ऐकत पडते, आणि कोणी हाक मारत नाही.

पप्पांना हे सांगू नका. ते अजून गप्प होतील. पुष्पाकाकूंना नमस्कार. तुमची तब्येत जपा, आणि नातीवरची माया धुळ्यापर्यंत पुरेल एवढी ठेवा.

तुमची,
डिंपल


सावदा,
१ डिसेंबर २०२४

॥ श्री ॥

चि. डिंपल हिस नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने ते शालिग्रामच्या दुकानात टाकलं, त्याने ते तेलाच्या डब्याखाली ठेवलं, म्हणून तुझं अर्धं पत्र मी वासावरून वाचलं. बाकी ठीक.

इकडचं सांगतो. थंडी पडली आहे आणि केळी जागच्या जागी थांबली आहे. तुझा बाप कुंदन दिवसभर बागेत असतो. माणसांशी जेवढं बोलत नाही तेवढं झाडांशी बोलत असेल असं धरून मी चाललोय. तेजस पोळ्या करायला शिकला. त्या कोणत्या देशाच्या नकाशासारख्या असतात ते तो भूगोलाच्या पुस्तकात शोधतो. शेजारून पुष्पा भाजी आणून देते आणि भाजीबरोबर दोन सल्लेही देते. सल्ले आले की मी मशीन कानातून काढतो. या बहिरेपणाचे फायदे मला फार उशिरा कळले.

तुझ्या थकव्याचं वाचलं. मंदा गेल्यावर या घरात सगळेच थकलेत, पण तू वयाने लहान, तुला शोभत नाही. दूध पीत जा. आणि एक सांगतो. खोलीत पडून राहिलं की माणूस अजून पडतो. तिथे एखादा मारुती बघून ठेव आणि आठवड्यातून एकदा जाऊन नुसती बसत जा. मागायचं काही नाही, बसायचं. माझं तर असंच भागतं.

कुंदनला काही सांगितलं नाही. तुला भरीत पाठवायचं होतं, पण ते वाटेत आंबेल म्हणून आम्हीच खाल्लं. अभ्यास कर. म्हाताऱ्याची आठवण ठेव, पत्र टाकत जा.

तुझा,
नाना


धुळे,
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप नानांना डिंपलचा साष्टांग नमस्कार.

उद्यापासून परीक्षा आहे म्हणून चारच ओळी लिहिते. फोनही बंद करून पेटीत ठेवला आहे, नाहीतर अभ्यास होत नाही.

तुम्ही म्हणालात तसं मी आठवड्यातून एकदा एका ठिकाणी जाऊन बसते. दर रविवारी. आता मला बरं आहे, नाना. जड वाटत नाही, भीती वाटत नाही. मम्मीची आठवण येते तेव्हा ती जवळच आहे असं वाटतं. इतके दिवस शोधत होते तो विसावा मला मिळाला आहे. तुम्ही आणि पप्पांनी आता माझी काळजी सोडून द्या.

माझी सायकल तेजसला देऊन टाका. ती अंगणात गंजून जाईल. मला ती आता लागणार नाही.

सगळ्यांना माझा नमस्कार. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला.

डिंपल


सावदा,
५ फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

आशीर्वाद दिला तो रीत म्हणून. मन अजून ताळ्यावर नाही.

शनिवारी दुपारी तुझं पत्र आलं. मी ओट्यावर बसून ते दोनदा वाचलं. पोरी, तू काय लिहिलंस ते तुला तरी कळतं का? विश्रांती म्हण, आराम म्हण, बरं वाटतं म्हण. विसावा, म्हणजे आपला इसावा, हा शब्द आपल्याकडे एकाच कामाला लागतो. नदीच्या वाटेवर त्या सपाट दगडापाशी तिरडी खाली ठेवतात, त्याला आपण इसावा म्हणतो. तुझ्या आईला ठेवली होती तिथे. आणि तू लिहितेस इसावा मिळाला, आई जवळ वाटते, काळजी सोडा, सायकल देऊन टाका, चुकलं असेल तर पोटात घाला. वर परत पत्राच्या डोक्यावर श्रीसुद्धा नाही. मी काय समजायचं होतं?

कुंदनला बागेतून बोलावून घेतलं. त्याने पत्र वाचलं. फोन लावला तर बंद. शनिवारची शेवटची गाडी गेलेली होती, रविवारी पहिल्या एसटीने तो निघाला, वाटेत पाण्याचा घोट घेतला नाही. होस्टेलवर कळलं की तू दिपमालाबरोबर चर्चमध्ये गेलीस. विचारत विचारत तिथे पोचला. पुढचं त्याने मला सांगितलं ते असं की पोरगी बरी आहे, गात होती. एवढंच. मी मशीन नीट बसवून पुन्हा विचारलं, तरी एवढंच.

बाकीचं तेजसने दोन दिवस खणून काढलं. कुंदन मागच्या खुर्चीवर बसला, तू पुढे होतीस, तुला दिसला नाही. तुला धडधाकट बघितलं आणि त्याला तिथेच झोप लागली. गाणी झाली, प्रार्थना झाली, लोक उठले, आजूबाजूच्या खुर्च्या गोळा झाल्या, तरी त्याला कोणी हलवलं नाही. एका म्हातारीने पंखा त्याच्याकडे वळवला. जागा झाला तेव्हा तू शेजारी बसलेली होतीस. मंदा गेल्यापासून माझ्या पोराला धड झोप नाही, आणि ती त्याला लागली कुठे तर परक्यांच्या देवापुढे.

आता मला सांग. आमच्या घरात तुला काय कमी पडलं? आपले देव आटले का? मी मारुती शोधायला सांगितलं होतं. उद्या तुझं लग्न काढायचं आहे, भाऊबंदांत राहायचं आहे. पुष्पाला कळलंय म्हणजे आता सावद्याच्या केळीच्या वखारीतही कळलं असेल. मला राग आला आहे, आणि राग आला हे मी सांगून टाकतो.

सायकल जागेवर आहे. हात लावू दिला नाही.

नाना


धुळे,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नानांना डिंपलचा साष्टांग नमस्कार.

माझ्या एका शब्दाने तुम्ही हादरलात, पप्पा उपाशी इतक्या लांब आले. मला माफ करा. इथे तो शब्द इतक्या वेळा कानावर पडतो की आपल्याकडे त्याचा अर्थ काय ते मी विसरले. खरं म्हणजे विसरले नव्हते. तेच सांगते.

मम्मीला नेलं तेव्हा बायका इसाव्यापर्यंत आल्या. तिथून तुम्ही तिला पुढे घेऊन गेलात आणि आम्हाला मागे फिरवलं. काकू म्हणाल्या, घरी चल, माणसं परत येतील, आंघोळीचं पाणी तापवायचं आहे. मी आले आणि पाणी तापवलं. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा केला. तेराव्यानंतर भाकऱ्या टाकल्या. पप्पा गप्प, तेजस लहान, तुम्हाला ऐकू येत नाही. मी रडले असते तर घर बसलं असतं, म्हणून मी रडले नाही. मला सारखं वाटायचं की मी अजून त्या दगडापाशीच उभी आहे.

तुमच्या घरात काही कमी नव्हतं, नाना. फक्त बसायला जागा नव्हती.

पहिल्या रविवारी मी दिपमालाबरोबर गेले ती होस्टेलमध्ये एकटी नको म्हणून. खोटं का बोलू, नंतर जेवण असतं हेही कळलं होतं. सगळं संपल्यावर मी सवयीने उठून खुर्च्या गोळा करायला लागले. तिथे तानुबाई म्हणून एक आजी आहेत, झाडलोट त्याच बघतात. पप्पांकडे पंखा वळवला तोही त्यांनीच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि म्हणाल्या की आज तू बस. कुठली, कोणाची, काही विचारलं नाही. मी बसले आणि जे रडले ते थांबेचना. कोणी गप्प हो म्हणालं नाही.

मग जात राहिले. कोणी ओढलं नाही. पास्टरसाहेबांनी तर पहिल्यांदा हेच विचारलं की घरी माहीत आहे का. मी नाही म्हटलं तेव्हा ते म्हणाले, आधी घरी सांग. मी तुम्हाला अर्धवटच सांगितलं, ती माझी चूक. श्री मात्र विसरले नव्हते. लिहायला हात उचलला आणि वाटलं, मनात एक आणि कागदावर एक असं नानांना नको.

एका रविवारी पास्टरसाहेबांनी येशूची एक गोष्ट सांगितली. चालून चालून थकला आणि दुपारच्या उन्हात एका विहिरीच्या काठावर बसला. पाणी भरायला एक बाई आली. तिचा घडा, तिचा दोर. याच्याकडे काहीच नाही. त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. नाना, देव थकतो हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला थकवा माहीत आहे त्याच्यापाशी मला बसवतं. माझ्या मनाने एवढं धरलं आहे, आणि ते आता सुटेल असं वाटत नाही.

शुक्रवारी संध्याकाळीही तिथे प्रार्थना असते. मी तुमच्या सगळ्यांची नावं घेते. रागावलात तरी पत्र बंद करू नका.

तुमचीच,
डिंपल


सावदा,
२० जुलै २०२५

॥ श्री ॥

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

मधे पत्र टाकलं नाही. राग होता, मग उन्हाळा होता, मग केळीच्या कापणीची धांदल. उन्हाळ्यात तू चार दिवस येऊन गेलीस तेव्हा तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. दोघांनी आंब्याच्या रसावर वेळ काढला.

आता विचारल्याशिवाय भागणार नाही. यंदा आपली कानबाई देवी तीन ऑगस्टला, रविवारी बसते. गेल्या साली मंदाच्या सुतकात सण झाला नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, रोट आहेत. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे आणि घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. आपल्याकडे पोरींचीही मूठ असते, लग्न होऊन जाईपर्यंत. हे तुला ठाऊक आहे. पण पुष्पा मला काल असं समजावून सांगत होती जसा मी परगावाहून आलोय.

तिचं म्हणणं, चर्चमध्ये जाणारी पोर कुळात कशी धरायची? तिचे गहू मिसळले तर सगळे रोट बाटतील. भाऊबंदांत चौघे तिच्या बाजूचे आहेत. कुंदनला विचारलं तर तो बागेत निघून गेला.

मंदाची मूठ आता नाही. तुझीही नसली तर परातीत आम्हा तिघांचे गहू राहतात. ते मला बघवणार नाही, पण तुझ्यावर जबरदस्तीही करणार नाही. मूठ घेतली तर तुला यावं लागेल आणि खावं लागेल. तू अजून या घरची आहेस की नाही, हे तूच मला लिहून कळव. शनिवारच्या आत.

नाना


धुळे,
३१ जुलै २०२५

तीर्थरूप नानांना डिंपलचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र फार उशिरा पोचलं. हे शनिवारच्या आत तुम्हाला मिळेल असं वाटत नाही. पप्पांना फोन करता आला असता, पण हे दुसऱ्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत यायला नको.

एक गोष्ट आधी सांगते. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली की मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही. तुम्हाला कळवल्याशिवाय घेणार नव्हते, म्हणून कळवते.

कानबाईपुढे मी हात जोडणार नाही. जोडले तर ते खोटे असतील, आणि तुमच्या घरात मी खोटं कधी केलं नाही. पण रोट मी खाईन. तो तुमच्या हाताच्या गव्हाचा आहे. मम्मी तो करताना मला पहिला गरम तुकडा तोडून द्यायची आणि काकूंकडे पाठ करून उभी राहायची. एवढ्यावर चालत असेल तर मूठ घ्या. चालत नसेल तर घेऊ नका, भाऊबंदांत तुम्हाला खाली बघायला लावायचं नाही. मी येणार नाही, एवढंच सांगा.

मी या घरची आहे का विचारलंत. ते वाचून मी फार रडले. मी दुसरी कुठली असणार, नाना?

उत्तराची वाट बघते. शनिवारी तुमच्या हाकेशिवाय निघणार नाही.

डिंपल


सावदा,
७ ऑगस्ट २०२५

॥ श्री ॥

चि. डिंपल हिस नानाचे पोटभर आशीर्वाद.

वर श्री मी लिहिली आहे, ती माझी. तू तुझ्या पत्रावर जागा मोकळी सोड, मी आता विचारणार नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. शनिवारी माझ्या हातात काही नव्हतं. सगळे भाऊबंद अंगणात, पुष्पा परात घेऊन समोर. मी माझी मूठ टाकली, कुंदनची टाकली, तेजसची टाकली. मग हात पोत्यातच थांबला. मंदाची मूठ निघाली नाही, गेलेल्याची काढत नाहीत, हे मला माहीत होतं. पण हाताला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. सगळे बघत होते की आता म्हातारा काय करतो.

मी कानातलं मशीन काढलं, खिशात ठेवलं, आणि सव्वा मूठ गहू तुझ्या नावाने परातीत टाकले. नाव मोठ्याने घेतलं. त्यानंतर कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. तोंडं बरीच हलत होती. दोन घरं न जेवता गेली. पुष्पा गेली नाही. थोड्या वेळाने ती तीच परात घेऊन दळायला उठली. 

बाप्तिस्म्याचं वाचलं. मला ते आवडलेलं नाही. आवडलं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल, आणि खोटं तुला चालत नाही. मी मरेपर्यंत मारुतीलाच जाणार आणि तुझ्यासाठी त्यालाच सांगणार. तू तिकडे माझं नाव घे. दोन्हीकडून वशिला असलेला बरा.

पण तुझ्या त्या शब्दावर मी बरेच दिवस विचार केला. मला म्हाताऱ्याला त्यात फक्त मरण दिसलं. इसाव्यावर आणखी एक होतं, ते मी तुला सांगायला विसरलो. तिथे खांदा बदलतात. पुढचे मागे जातात, थकलेला बाजूला होतो आणि दुसरा येऊन त्याचा भार घेतो. तू दोन वर्षं आईला खांदा दिलास आणि नंतर या घराला. बदलायला आमच्यातलं कोणी पुढे आलं नाही. तिथे कोणी आलं असेल, तर त्याला नाही म्हणणारा मी कोण.

आता रोटाचं. तुझा रोट पुष्पाने वेगळा फडक्यात बांधून ठेवला होता, मी मागायच्या आधीच. शनिवारी पौर्णिमा, त्याच्या आत तो संपला पाहिजे. रोट घराबाहेर नेत नाहीत हे मला कोणी शिकवायला नको. आपलं माणूस जिथे आहे तिथवर आपलं घर आहे, असं मी भाऊबंदांना सांगितलं आणि मशीन पुन्हा काढलं.

कुंदन उद्या शुक्रवारी रोट घेऊन निघतो. हे पत्र त्याच्याच खिशात आहे. आजच जा म्हटलं तर नको म्हणाला, शुक्रवारीच जातो म्हणाला. का ते त्याने सांगितलं नाही, पण मला तुझं पत्र आठवलं, शुक्रवारी संध्याकाळी तिथे प्रार्थना असते. रोट तू खा, थोडा त्याला दे. दिपमालाला देऊ नकोस, तिला मी पुढच्या वेळी केळी पाठवीन. शनिवारी राखी आहे. बापाबरोबर आलीस तर तेजसला बरं वाटेल. मला काय, मी कुठे वाट बघतो.

सायकल पुसून ठेवली आहे.

एक काम तेवढं कर. तुझा बाप त्या खुर्चीवर जाऊन बसेल. त्याला झोप लागली, तर उठवू नको. गाडी चुकली तरी चालेल.

तुझा,
नाना